जिच्यासाठी दार उघडं ठेवलंय

प्रिय धाकटे,

तुझं पुस्तक पाहिलं. बाजारातल्या मोठ्या दुकानात दर्शनी काचेत उभं करून ठेवलं होतं. मागे तुझा फोटो आहे. केस छान कापलेत. गाल जरा भरलेत, ते तुला शोभतात. दुकानदार सांगत होता, बाळ व्हायचं असलेली जोडपी येतात आणि हेच मागतात. जगभरातली वेगळी नावं, त्यांचे अर्थ, ती कुठून आली, सगळं एका जागी. मी एक प्रत घेतली. तुझी बहीण आहे असं काही म्हटलं नाही, नाहीतर उगाच चहा पाजला असता त्याने.

आभाराच्या पानावर बाबा सापडले. तुझा नवरा आणि बाइंडिंगवाला यांच्यामध्ये. ‘प्रेरणेबद्दल’ असं लिहिलं आहेस. बाबा गेल्यावर त्यांच्या नावांच्या कोशाचं हस्तलिखित मी प्रकाशकाकडे दिलं होतं, ते त्याने परत पाठवलं. असं पुस्तक नुकतंच आलंय हो ताई, दुसरं कोण घेणार, असं अगदी नम्रपणे म्हणाला. गठ्ठा आला तसा जेवणाच्या टेबलावर पडलाय. मी ओट्याशी उभ्याने जेवते.

तुझं पुस्तक मात्र बसून वाचलं. तुला आठवतं का, त्याच टेबलावर बाबा नावांची कार्डं मांडायचे आणि आपण दोघी लावून द्यायचो. मी भाषेप्रमाणे, तू अर्थाप्रमाणे. बाबांना गोड नावांचा कंटाळा होता. फुलं, तारे, चांदणं, ही सगळी एका डब्यात कोंबायचे. त्यांचा जीव कडवट नावांवर. जपानी तोमे, म्हणजे थांब, आता मुली पुरे. चिनी झाओदी, म्हणजे पाठच्या भावाला बोलावून आणणारी. आफ्रिकेतलं योरुबा कोकुमो, म्हणजे गेलेलं बाळच परत आलंय, हा आता पुन्हा मरायचा नाही. आजारी तान्ह्याला यिद्दिश बोलणारे ज्यू लोक आल्टर म्हणायचे, म्हातारा, म्हणजे मृत्यू बाळ शोधत आला तर त्याला म्हातारा सापडावा. अरबीतलं इवज आलं त्या दिवशी बाबा भलतेच खुशीत होते. गेलेल्या मुलाच्या बदल्यात आलेला, असा अर्थ. आपण ‘ऐवजी’ म्हणतो तो शब्द तिथूनच आला, असं त्यांनी कार्डाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. तुझ्या पुस्तकात ती ओळ जशीच्या तशी आहे. स्वल्पविरामासकट.

आणि तुर्की येतेर. त्याचा अर्थ, पुरे. मुलींनाच देतात. ते कार्ड बाबांनी तुझ्या हातात दिलं, चष्म्यावरून तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तू झालीस तेव्हा मला ही भाषा येत नव्हती. राहून गेलं.” तू हसलीस. मीही हसले. आई आतून म्हणाली, काय बाई ह्यांची थट्टा. तू मग सबंध दुपार मान खाली घालून कार्डं लावलीस आणि एकही चुकवलं नाहीस. लग्न करून गेलीस तेव्हा सगळ्या कार्डांच्या प्रती काढून नेल्यास, आठवण म्हणून. बाबांनी अडवलं नाही. आठवण बरीच जड होती, रिक्षावाल्याने कुरकुर केली.

वकिलाची नोटीस तुला मिळाली. तुझं उत्तरही मला मिळालं. नावांचे अर्थ कुणाच्या मालकीचे नसतात, ते ज्याला हवे त्याने लिहावेत, असं तू म्हणतेस. बरोबर आहे. कोर्टालाही पटेल. माझ्या वकिलाचं तोंडच उतरलं ते वाचून. कुठलाही कोश कुठल्याही कोशासारखा दिसणारच, म्हणाला, चोरी दाखवायची कशी.

तर त्याला जे सांगितलं ते तुलाही सांगते. नकाशे काढणारे लोक कधीकधी नकाशात एक खोटी गल्ली घालतात. दुसऱ्याच्या नकाशात ती गल्ली निघाली की चोर सापडला. काही कोशवालेही एखादा खोटा शब्द ठेवतात. बाबांनी एक नाव ठेवलं होतं. त्यावर त्यांनी मेहनत घेतली. दूरच्या बेटांवरची, थोड्याच माणसांच्या तोंडी उरलेली भाषा निवडली, म्हणजे कुणी पडताळायला जाणार नाही. उच्चार असा बसवला की कुठल्याही घरात हाक मारता यावी. आणि अर्थ इतका सुंदर की चोराला ते वगळवणार नाही. जिच्यासाठी दार उघडं ठेवलंय ती. गोड नावांचा कंटाळा असलेल्या माणसाने हे घडवलं, याचं मला नवल वाटलं होतं. कुणासाठी हे आमिष, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, आधी भूक लागते ती घरातल्याच माणसाला. ही गोष्ट आम्हा दोघांतच होती. तू ते कार्ड अर्थाप्रमाणे लावलंस. ‘घर’ या डब्यात.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. खुर्चीवर बस जरा.

तुझी लेक झाली तेव्हा आम्ही दवाखान्यात आलो होतो. खिडकीशी तुझी खाट होती. पंख्याला वंगण नव्हतं. तू बाबांना म्हणालीस, तुमच्याच कार्डांतलं नाव ठेवलंय, ओळखा. त्यांना ओळखता येईना. मग तू ते सांगितलंस, अर्थासकट. तुला वाटत होतं की इतक्या वर्षांनी तू त्यांना त्यांचंच काहीतरी परत दिलं आहेस. बाबांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. “चांगलं निवडलंस,” म्हणाले. आयुष्यात त्यांनी तुला चांगलं म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं. तू रडलीस. जिन्यात मी त्यांना म्हटलं, आत्ता सांगून टाका, अजून कागदावर चढलेलं नाही. ते कठड्याला धरून सावकाश उतरत होते. म्हणाले, सांगितलं तर सापळा तिच्या हाती गेला. मी म्हटलं, आणि मुलगी? त्यावर ते म्हणाले, “हाक मारायला नाव लागतं. अर्थ कशाला लागतो?” बाहेर येऊन त्यांनी दोन केळी घेतली. एक मला दिलं.

तुझ्या पुस्तकात त्या नावाला अर्धं पान आहे. बाकीच्यांना दोन-तीन ओळी. तिथल्या बायका हे नाव कशी अंगाईसारखी म्हणतात, असंही तू पदरचं घातलं आहेस. त्या बेटांवर हे नाव कुणाचंच नाही, धाकटे. तिथे तसा शब्दच नाही. बाकी सारे अर्थ जगाचे आहेत, तुझं म्हणणं खरं. हा एक बाबांचा आहे. वकील खूश आहे. पहिला प्रश्न याच नावाचा विचारणार म्हणतो.

हे सगळं कोर्टात कळलंच असतं तुला. तरी आधी लिहिते आहे, ते तुझ्या लेकीसाठी. परवा तिचा फोन आला होता. तिच्या शाळेत सगळ्यांनी आपापल्या नावाविषयी बोलायचंय. आजोबा त्या बेटांवर कधी गेले होते का, तिथली माणसं कशी असतात, हे तिला हवं होतं. मग म्हणाली, “मावशी, मी तिथे जाऊन माझं नाव सांगितलं, तर ते लोक मला आत घेतील ना?” आईला विचार, असं सांगून मी फोन ठेवला. सोमवारी सुनावणी आहे. त्याआधी तू पुस्तक मागे घेतलंस तर मी बाबांसारखीच गप्प बसेन, मला ते जमतं, आणि तिचं नाव तिच्याकडे राहील. नाही घेतलंस तर वकील विचारेल आणि मी उत्तर देईन. पेपरवाले असतील, नाव छापून येईल, वर्गातली मुलंही वाचतील. पुस्तक ठेवायचं की नाव, तुझं तू ठरव. पुस्तकच ठेवणार असशील तर तिला तूच आधी सांग. अर्थ सांगायची हातोटी तुझ्याकडे आहेच. हे नाव आजोबांनी स्वतः घडवलं, असं सांग. तिला आवडेल ते. कशासाठी घडवलं, ते मी सांगेन.

तुझीच, माहेरची म्हणून उरलेली एवढी एक,
मोठी