शांततेसाठी अर्ज

३ जानेवारी
जाहिरात आली. परदेशातली एक संस्था वंशसंहाराच्या इतिहासाच्या अभ्यासकांना नऊ महिने ठेवून घेते. खोली, टेबल, ग्रंथालय आणि शांतता. मुदत २० जानेवारी, दुपारी साडेतीन. हे माझ्यासाठीच काढलंय. माझा प्रबंध अकरा वर्षं अडलाय तो केवळ आवाजामुळे. मागे पिठाची गिरणी, पुढे आईची मालिका, मध्ये श्वेताचा मिक्सर. किन्हवलीत संशोधन होऊ शकत नाही. ३१ मार्चला युनिव्हर्सिटी माझी नोंदणी रद्द करणार आहे, पण फेलोशिप मिळाल्यावर त्यांची हिंमत होणार नाही.
अर्जासोबत वीस पानांचं एक प्रकरण लागतं. पहिला परिच्छेद तयार आहे. दमदार आहे.

५ जानेवारी
सहाला उठलो. टेबल पुसलं. पेनं रंगांप्रमाणे लावली. आठला गिरणी सुरू झाली. दिवस गेला.

९ जानेवारी
फॉर्म भरायला घेतला. ‘तुम्हाला निवासाची गरज का आहे?’ या प्रश्नाला गिरणीवर चार पानं लिहिली. मर्यादा पाचशे शब्दांची निघाली. काटछाट करण्यात संध्याकाळ झाली. श्वेताने विचारलं, प्रकरण कधी लिहिणार. मी म्हणालो, फॉर्म मुख्य असतो. बायको असून तिला माझ्या कामाची पद्धत कळत नाही.

१२ जानेवारी
फॉर्म सेव्ह झाला. हिरवी टिक आली. आता फक्त प्रकरण जोडून सबमिट दाबायचं. स्क्रीनचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. लिहिलं, ‘फेलोशिपचं काम झालं.’ दुपारपर्यंत चौतीस अभिनंदनं. खुलासा करणार होतो, पण लोकांच्या आनंदावर पाणी ओतणं माझ्या स्वभावात नाही. तसंही निवड होणारच आहे.

१४ जानेवारी
नाक्यावर बॅनर लागला. चुलतभाऊ सुनिलने लावला. माझा फोटो लग्नातला, त्याचा स्वतःचा माझ्यापेक्षा मोठा. मजकूर: ‘वंशसंहार क्षेत्रातील भरीव कामगिरीबद्दल आमचे बंधू इंद्रजीत यांची परदेशात निवड, हार्दिक अभिनंदन.’
सुनिलला म्हणालो, अर्थ भलताच होतोय. तो म्हणाला, दादा, बॅनर कोन वाचतंय, फोटो बगतात. मग त्याने विचारलं, निवड झालीये ना? मी म्हणालो, प्रक्रियेत आहे. तो म्हणाला, मंग झालीच.
प्रकरण: परिच्छेद एक.

१७ जानेवारी
विहारात सत्कार. शाल, श्रीफळ. मी पन्नास मिनिटं बोललो. भाषणाच्या ओघात प्रजासत्ताक दिन झाला की निघतो, असं बोलून गेलो. टाळ्या पडल्या.
शेवटी बुधाजीकाकांनी विचारलं, त्या मानसांना मारली कशाला रे? मी त्यांना तीन सैद्धांतिक चौकटी समजावल्या. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, म्हंजे तुला पन नाय माहीत. वय झालंय त्यांचं.

२० जानेवारी, सकाळी १०
आज प्रकरण. वीस पानं, साडेपाच तास. तासाला चार पानंसुद्धा नाहीत. सोपं आहे. आज लाइट नाही, त्यामुळे गिरणीही बंद.

दुपारी १.००
शांततेची सवय नसल्याने लक्ष लागत नाही. फॉन्ट बदलून पाहिला.

दुपारी ३.३४
फॉर्म बंद झाला. चार मिनिटांसाठी अकरा वर्षांच्या कामावर पाणी. हे लोक वेळेच्या बाबतीत फार हट्टी.

२१ जानेवारी
श्वेताला सांगितलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, मला वाटलंच. तुमच्या आईला तुमीच सांगा, मी नाय सांगनार. योग्य वेळ पाहून सांगतो म्हणालो. तेवढ्यात आई आली आणि नवी थर्मल बनियन दाखवायला लागली. योग्य वेळ गेली.

२७ जानेवारी
सांगायचं राहून गेलं. सुनिलने दोन जीप केल्या. आसनगाव स्टेशनवर हार घातले. आईने नऊ महिने पुरेल एवढी सुकट बांधून दिली आणि रडली. म्हणाली, नीट लिव रे बाबा, आमच्यात कोनी एवढ्या लांब गेला नाय. मला फार वाईट वाटलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण लोकल आली.
विमानतळापर्यंत येतो म्हणणाऱ्यांना मी ठाम नकार दिला. पुढच्या स्टेशनला, वाशिंदला, हार आणि दोन बॅगांसकट उतरलो. इथे मेव्हण्याचा, नरेंद्रचा, फ्लॅट आहे. श्वेताने त्याला आधीच फोन करून ठेवला होता.

२८ जानेवारी
नीट पाहिलं तर इथे सगळंच आहे. खोली, टेबल. नरेंद्र आणि त्याची बायको आठ ते सहा कामावर. शांतता पूर्ण. फेलोशिपच म्हणायची, फक्त निवड समिती नाही. बाल्कनीत मात्र जाता येत नाही, कारण इथल्या कंपन्यांत अर्धी किन्हवली कामाला आहे. रोज पाच पानं. चार दिवसांत प्रकरण.

४ फेब्रुवारी
पानं: शून्य. शांतता फार आहे. यूट्यूबवर गिरणीचा आवाज शोधला. मिळाला, पण आमच्या गिरणीची सर नाही.

९ फेब्रुवारी
श्वेताचा फोन. आई गावभर सांगतेय, पोरगा तिकडे बर्फात बसून लिहितोय. किती पानं झाली, श्वेताने विचारलं. वातावरण चांगलं आहे म्हणालो.  
नंतर काहीच सुचेना म्हणून गाइडने नोंदणीच्या वर्षी पाठवलेलं साक्षींचं फोल्डर उघडलं. पहिली साक्ष एका म्हातारीची. घरातलं कोण कोण मारलं गेलं ते सांगते. प्रत्येकाचं नाव, वय, आणि त्याला जेवायला काय आवडायचं. मुलाखत घेणारा मध्येच म्हणतो, आजी, थोडक्यात सांगा. ती म्हणते, थोडक्यात कसं सांगू, सतरा जणं होती.
सतराही जणांबद्दल वाचलं. मग पुन्हा वाचलं. नरेंद्र कामावरून आला आणि म्हणाला, दाजी, अंधारात का बसलाव?  त्याने लाइट लावली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि दार लोटून गेला.
या विषयावर मी अकरा वर्षं बोलतोय. वाचायला आज सुरुवात केली.