पाहुणा

पंचवटीमागचा मळा, नाशिक
ता. १८ नोव्हेंबर १९३२

चि. सौ. झुंबर हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. शेवंतीला यंदा कळी चांगली धरली आहे. आईने धाडलेल्या निरोपातला पाहुणा कोण, असं तू पत्रात विचारलंस. धाकट्या भागीला बघायला कोणी आलं असेल, हा तुझा तर्क वाचून भागी लाजली. मला मात्र हसू आलं नाही.

आधी निवडुंगाचं सांगतो. ओढ्याकाठचं ते रान तुला आठवतं ना, पुरुषभर उंच, आपल्या मागच्या भिंतीला येऊन टेकलेलं? कोयत्याने तोडावं, तर पडल्या फडाला, त्या जाड काटेरी पानालाच, पुन्हा मुळं फुटायची. गेल्या वर्षी शेतकी खात्याच्या माणसांनी किडे लागलेले फड आणून त्यात टाकले. कापसासारखे पांढरे किडे, चिरडले की बोटं लाल होतात. वर्षभरात सगळं रान सडून खाली बसलं. लोकांनी पेढे वाटले. आई तर मोकळ्या जागेत झेंडू लावायला निघाली.

पण त्या रानात कोणीतरी राहत होतं. लहानपणी आपण अंथरुणात पडून त्याचा आवाज ऐकायचो, लाकडावर करवत ओढावी तसा. भीती वाटायची नाही, कारण मध्ये काटे होते. ते डुकरं खायचं, आपण फुलं तोडायचो.

आता काटे नाहीत. दसऱ्याला आपला काळू कुत्रा गेला. मग शेजारच्या महेबूबभाईंची शेळी, तीही दिवसाढवळ्या. पाटाचं पाणी धरतानासुद्धा मी सारखा मागे बघतो. आईने घरात त्याचं नाव घ्यायला बंदी केली आहे. "नाव घेतलं का येतंय. पाहुणा म्हन," म्हणाली. तोच शब्द तिच्या तोंडी बसला आणि तुझ्या निरोपात गेला.

एवढ्यावर थांबणार होतो, पण थांबून चालणार नाही.

मंगळवारी आईने तुझ्या बाळंतपणाची खोली सारवली आणि वाळायला दार उघडं ठेवलं. आम्ही पुढच्या पडवीत जेवत होतो. उठून पाहतो तर ओल्या सारवणात पावलं. उंबरठ्यापासून बाजेपर्यंत, बाजेला वळसा घालून परत. आईने शेणाचा हात फिरवून ती पुसली. मग म्हणाली, "झुंबरला कळवायचं नाय. पयलं बाळंतपण माह्यारीच व्हतं. पाहुणा आला आन् गेला."

तो गेलेला नाही. काल विहिरीजवळ तीच पावलं होती.

सोमवारी आई गाडी जोडून तुला आणायला निफाडला निघणार आहे. माझं ऐकत नाही. तिथे ती रडेल, लोक काय म्हणतील म्हणेल. तू गाडीत बसू नकोस. चिमाजीरावांना हे पत्र दाखव आणि आईलाच तिकडे ठेवून घ्या. भागीलाही मी तिच्याबरोबर पाठवतो.

आई पाहुणा म्हणाली, तर तू नाव घे. मीही इथे लिहितो. वाघ, झुंबर. तुझ्या बाजेपर्यंत वाघ येऊन गेला.

बहिणीला माहेरी येऊ नको म्हणणारा,
तुझा दादा
कारभारी