पाळीवर उभी राहणारी गाडी

वसंताचे बाबा यांस,

नाव अजून घेत नाही तुमचं. कागदावरही नाही. सवय गेली नाही, आणि आता ती घालवून करायचं तरी काय?

तीन वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. चौथी शिकलेली बाई मी, चार ओळी लिहिल्या की बोटं आखडतात. आणि गेलेल्या माणसाला पत्र घालण्याइतकी खुळीही नाही. पण आज लिहिते. अंगणात गाडी उभी आहे. जुनीच, डिझेलचीच. काल आणली. आणि तुमचा वसंता तिच्याकडे पाहायलाही तयार नाही. धान चुरायला खळ्यावर गेला आहे, दुपारी जेवायला येईल. तो यायच्या आत एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. मग त्याला. तुमचा मान पहिला.

गाडी काहून घेतली ते आधी ऐका. आपली लेक सुमन बाळंतपणाला येते आहे. पहिली खेप आहे, पौषातच दिवस भरतात. आपल्या गावाला एसटी सकाळी एक आणि सांजेला एक. सरपंचाच्या घरी टीव्ही आला, पण एसटी तिसरी आली नाही. पोटातलं लेकरू काय एसटीची वेळ पाहून येतं? बैलबंडीनं कोंढ्याची सडक गाठायची तर तासभर हाडं खिळखिळी. म्हणून घेतली.

आता ते नाकाडोंगरीचं. आठवतं ना? तुम्हाला आठवतच असेल, विसरण्यासारखं मीच करून ठेवलं नाही काही.

त्याआधी तुम्ही दोन गाड्या पाहून सोडल्या होत्या. एकीचा धूर निळा होता, एकीचा आवाज तुम्हाला आवडला नाही. मला वाटायचं, गाडी घ्यायची आहे की सून पाहायची आहे? मोठ्या जाऊबाई विहिरीवर सगळ्या बायांसमोर म्हणाल्या होत्या, "मोटारीची वाट पाहता पाहता आमची धाकटी बंडीतच म्हातारी होऊन राहिली." बाया हसल्या. मी रिकामी घागर घेऊन घरी आले आणि तुम्हाला म्हटलं, या दसऱ्याला गाडी दारात आली पाहिजे. नाही आली तर मी माहेरी.

तुम्ही म्हणत होता, डिझेलचीच पाहू. पंपाचं इंजिन डिझेलचं, घरात डिझेलचं पिंप, आणि त्या इंजिनाची नाडी तुम्हाला कळते. "डिझेल म्हणजे बैल आहे," म्हणायचे तुम्ही, "सकाळी उठाले कुरकुर करते, पन एकदा उठला का दिवसभर वढते."

दसऱ्याच्या दिवशी आपण दोघं एसटीनं नाकाडोंगरीला गेलो. माझ्या पिशवीत नारळ, झेंडूचा हार, कुंकवाची पुडी. गावात सांगून आले होते की सांजेला आरतीचं ताट तयार ठेवा. गाडी विकायला काढलेल्या ठेकेदाराच्या टिनाच्या शेडमध्ये ती पांढरी गाडी सावलीत उभी.

"आठ दिवसांपासून हालवली नाही, भाऊ," ठेकेदार म्हणाला. "तुमच्यासाठीच ठेवली."

तुमची रीत ठरलेली. आधी खालून पाहायचं, तेल कुठं गळतं ते. मग बोनेट उघडून. मग आवाज. तुम्ही पोतं अंथरलं आणि गाडीखाली गेलात. नुसते पाय बाहेर. मला कुठं धीर होता? मुहूर्त टळत होता, गावात आरतीचं ताट खोळंबलं होतं. मी तळहातावर पाणी घेऊन कुंकू कालवलं आणि बोनेटवर स्वस्तिक काढायला लागले.

पहिली रेघ ओढली. चौथी ओढेपर्यंत पहिली वाळून तडकली होती. तव्याच्या काठाला लागावं तसं बोट पोळलं.

आणि तेवढ्यात खालून तुमचा आवाज आला. "वसंताची माय, बोनेटले हात लाव बरं. गरम लागते का?"

मी ठेकेदाराकडे पाहिलं. तो दुसरीकडे पाहत होता. मला काय कळलं नाही? सगळं कळलं. तुम्हीच वाटेत एसटीत सांगितलं होतं, गाडी विकणारा आधी ती फिरवून आणतो, इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे गिऱ्हाइकासमोर फटकन सुरू होते. थंडीत काय करते ते नंतर कळतं. म्हणून गरम असली तर तिथंच कुणाकडे मुक्काम करू आणि पहाटे पाहू, असं आपलं ठरलं होतं.

मी म्हटलं, "थंडं आहे जी. निंघा बाहेर, मुहूर्त चालला."

तुम्ही बाहेर आलात. कोपरापर्यंत हात काळे. बोनेट उघडायला हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला. वर स्वस्तिक, त्यावर झेंडूचा हार. पूजेला तेलाचे काळे हात कसे लावणार? तुम्ही देवभोळे नव्हता, पण तेवढं तुमच्यात होतं. आणि ते मला माहीत होतं.

"पूजा झाली?" तुम्ही विचारलं.

"झाली."

"पहाटे एकडाव पाहिली असती तर..."

"दसरा उद्या येते का?" मी म्हटलं. ठेकेदार हसला. तुम्ही हात पोत्याला पुसले, पोत्याची घडी केली, आत बसलात. एका फटक्यात सुरू झाली. मी नारळ फोडला. नारळ फोडल्यावर गाडी परत करतात का कुठं?

सांजेला आरती झाली, जाऊबाईंचं तोंड एवढंसं झालं, आणि मी त्या रात्री पोटभर जेवले. हेही लिहून टाकते.

दिवाळी सरली, थंडी पडली आणि गाडी निजली. चावी अर्धी फिरवून इंजिनातला हीटर तापवायचा, वीस मोजायचे, मग पूर्ण फिरवायची. वीसचे चाळीस झाले, चाळीसचे शंभर. उठेचना. तुम्ही ठेकेदाराला एक शिवी दिली, एकच. मला काही म्हटलं नाही. मग तुम्हीच तोड काढली. आपला मुलुख सगळा धानाच्या बांध्यांचा, ताटासारखा सपाट. उतार काय तो बोडीच्या उंच मातीच्या पाळीचा. तेवढाच. रोज सांजेला तुम्ही गाडी तळ्याच्या त्या पाळीवर चढवायचे, तोंड खाली करून, चाकाखाली दगड, बोनेटवर पोती. पहाटे दगड काढला की गाडी घरंगळायची आणि खाली येता येता सुरू व्हायची.

गाव हसायचं. "गाडी पाळीवर चराले सोडली का?" तुम्ही म्हणायचे, "तिले थंडी वाजते, म्हनून उन्हाच्या आशेनं उभी राहते."

दोन हिवाळे तुम्ही हे केलं. एक दिवस खाडा नाही. पवनीचा बाजार, कुणाच्या पोरीचा ताप, कुणाच्या सासऱ्याचा पाय, सगळं त्या गाडीनं वाहिलं. लोक म्हणायचे, गाडी मोठी भरवशाची. भरवशाची गाडी नव्हती हो. तुम्ही होता.

एक विचारू? एकदा तुम्ही गाडी धूत होता आणि स्वस्तिकाची एक खपली नखावर घेऊन बराच वेळ पाहत राहिलात. करपल्यासारखी काळी होती ती. मी गोठ्यातून पाहत होते. तुम्हाला कळलं होतं का? कळलं असेल तर बोलले काहून नाही? चार शिव्या घातल्या असत्या, जेवणाचं ताट फेकलं असतं, मला बरं वाटलं असतं. तुमचा तो चांगुलपणा मला तेव्हाही झेपला नाही, आजही झेपत नाही.

मग ती सकाळ. सुमनला पाहायला पाहुणे येणार होते. आदल्या सांजेला तुम्ही गाडी पाळीवर न्यायला निघालात आणि मी आडवी झाले. "गाय बांधल्यावानी गाडी पाळीवर दाखवता का पाव्हन्याले? अंगनात उभी करा. शोभा दिसते." तुम्ही म्हणालात, "सकाळी उठनार नाई ती." मी म्हटलं, "उद्या कोनाले जाचं आहे कुठं?"

जायचं होतं. तुम्हालाच.

कोंबडं आरवलं तेव्हा तुम्ही उठून बसलात, छातीवर हात, अंगाला घाम. पौषाच्या थंडीत घाम. वसंता धावत गाडीत बसला. हीटर लावला. मी गाडीच्या खिडकीतून ओरडत होते, "लवकर कर. लवकर कर ना, काय मोजत बसला?" त्यानं चावी फिरवली. नाही. परत. नाही. चार माणसं ढकलायला आली, सपाट अंगणात वेगच येईना. शेवटी बैल जुंपले गाडीला. मोटारीला बैल. जाऊबाई पळत आल्या, त्यांनीच बैलांचे कासरे धरले, पदर डोक्यावरून पडला तरी त्यांना भान नव्हतं. ज्यांच्या तोंडाला उत्तर द्यायला मी गाडी आणली त्या बाईनं त्या दिवशी बैल हाकले.

गाडी सुरू झाली तेव्हा ऊन छपरावर आलं होतं. कोंढा मागे पडलं आणि माझ्या हातातला तुमचा हात जड झाला. मी वसंताला सांगितलं नाही. पवनीपर्यंत त्याला तसंच पळवत राहिले. दवाखान्यात म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

पाहुणे पोरगी पाहायला निघाले होते, मौतीत पोचले. भली माणसं. वर्षानं परत आले आणि सुमनला मागणी घातली.

आता खरं दुखणं ऐका. मागच्या वर्षी सुमन राखीला आली होती. ओट्यावर बहीणभाऊ बोलत होते. वसंता म्हणाला, "ताई, हीटर पुरा तपू नाई देल्ला मी. वीस मोजले असते तर बाबा वाचले असते. माह्याच हातानं झालं." सुमन रडायला लागली.

मी आत भाजी निवडत होते. निवडत राहिले.

तेवढ्यासाठी मला माफी नाही. नाकाडोंगरीला मी घाईत खोटं बोलले. पण त्या दिवशी मला कसलीच घाई नव्हती. उठून दोन पावलं टाकायची होती. पोरगा माझं पाप पाठीवर घेऊन फिरतो आणि मी त्याला भाकरी वाढते.

ती गाडी तुमच्यामागं मोडीत गेली. ही मी तुमच्या रीतीनं घेतली बरं का. भंडाऱ्याच्या एका म्हाताऱ्या गुरुजींची आहे. आदल्या दिवशी जाऊन भाचीकडे मुक्काम केला आणि पहाटे न सांगता त्यांच्या दारात. गुरुजी दात घासत होते.

"बाई, इतक्या सकाळी? चहा तरी होऊ द्या."

"चहा मागून. आधी हात लावू द्या," मी म्हटलं.

बोनेटवर दव होतं. पूर्ण पंजा ठेवला, दहा मोजेपर्यंत. बर्फ. मग खाली पोतं अंथरून मी स्वतः वाकले. लुगडं मळलं. गुरुजी म्हणाले, "गाडी घ्याले आल्या का चोर पकडाले?" मी म्हटलं, "चोर घरीच आहे माह्या." ते समजले नाहीत. त्यांनी हीटर तापवला, मी मोठ्यानं वीस मोजले. घाई केली नाही. विसाव्याला चावी फिरवली आणि ती उठली. दुसऱ्या दिवशी पहाटे परत गेले. परत उठली. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा हो म्हटलं.

गुरुजींनीच त्यांचा माणूस देऊन घरी पोचवली. वसंता ओट्यावरून खाली उतरला नाही. "माय, ड्रायव्हर दुसरा पाहा. मी चाकाले हात नाई लावत." गावात दुसरा कोण आहे? सुमनचे दिवस भरत आले आहेत.

बोनेट रिकामं आहे. कुंकू लावायचा माझा हात आता राहिला नाही, आणि असता तरी लावला नसता.

तर आज तुम्हाला शब्द देते. वसंता आला की आधी त्याला जेवू घालीन, उपाशीपोटी असलं ऐकवणार नाही. मग त्याला गाडीजवळ नेऊन सगळं सांगीन. बोट, कुंकू, "थंडं आहे", अंगणातली शोभा, माझं "लवकर कर", आणि ती भाजी. मध्ये रडणार नाही, रडले तर तो मलाच समजवत बसेल. त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं तरी चालेल. जाऊबाईंकडे जेवायला लागला तरी चालेल. पण चाकाला हात लावेल. आणि सांजेला गाडी पाळीवर जाईल, तोंड खाली करून, चाकाखाली दगड ठेवून. उठते चांगली, तरीही.

खळ्यावरचा आवाज थांबला आहे. बैल सोडले असतील. भाकऱ्या टाकायला उठते.

तुमची,
वसंताची माय