पडद्यावरचा मागचा बाक

बारामती,
१५ जानेवारी २०२५

तात्या,

नमस्कार, पण आज वाकून नाही. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून कागद घेतला. इंदापुरात थंडी असेल, कानाला मफलर बांधत जा. आईला सांगा, गूळपोळ्या पोचल्या.

मी सरावात नापास झाले, हे तुमच्या कानावर आलंच आहे. बीएडला आता खऱ्या वर्गाआधी कॉम्प्युटरवरचा वर्ग असतो. पडद्यावर सहा पोरं. आपण शिकवायचं, ती दंगा करतात, मशीन आपल्याला गुण देतं. मागच्या बाकावरचं एक पोरगं फळ्यावरचं सगळं चुकीचं उतरवत होतं. मशीनला हवं होतं, त्याला समज द्या आणि धडा पुढं न्या. मी म्हटलं, "बाळा, पुढं ये. हितनं दिसतंय का?" तीनदा म्हटलं. तोवर बाकीच्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. धडा राहिला. वर्गावर ताबा, शून्य!

तुम्ही म्हणता, "सोमवारी पाठ परत दे, मशीन सांगतं तसं कर, नाहीतर काटेवाडीच्या शाळेतली जागा जाईल." जाईल तर जाऊ दे.

का ऐकत नाही, ते सांगू? दादा तुमच्याच वर्गात होता. घरात तात्या, शाळेत गुरुजी. गुरुजींचं पोरगं म्हणून लाड केले असं कुणी म्हणू नये, म्हणून त्याला मागं बसवलंत. चुकला की दोन छड्या जास्त. दुसरी आणि चौथी एकाच खोलीत, मी पुढच्या बाकावर. त्याला फळा दिसत नव्हता, तात्या. त्यानं मला सांगितलं होतं, आणि तुमच्या भीतीनं मी गप्प बसले.

दहावीआधीच त्यानं शाळा सोडली, तेव्हापासून तुम्ही त्याच्याशी बोलत नाही. परवा एमआयडीसीतल्या त्याच्या कंपनीत डोळे तपासले. मायनस अडीच! चष्मा लावून त्यानं मला स्टँडवरची पाटी लांबून वाचून दाखवली, हसत. मला रडू आवरेना.

सोमवारी मी त्या पोराला पुन्हा पुढंच बोलावणार. देऊ दे शून्य. माझ्यासाठी कुणाकडं शब्द टाकू नका. रविवारी दादा माझ्या खोलीवर जेवायला येतोय. यायचं तर तुम्हीही या, पण आधी तुम्ही त्याच्याशी बोलायचं.

मागच्या बाकावरच्या रणजितची बहीण,
वृषाली