टीनाखालचे छत्तीस अंश

२२ एप्रिल
मॉडेल तयार. उपग्रहाचा डेटा टाका, नागपुरातल्या कुठल्याही गल्लीतल्या हवेचं तापमान घ्या. चूक फार तर एक अंश. आता थर्मामीटर घेऊन उन्हात हिंडणं बंद. आमचा फील्ड असिस्टंट कवडू याला तसं बजावलं.

२६ एप्रिल
बजावूनही कवडू हिंडलाच. मनीषनगरामागच्या टीनाच्या वस्तीत माझा नकाशा दुपारी छत्तीस दाखवतो. याच्या वहीत पंचेचाळीस! थर्मामीटर बिघडलाय म्हणालो. दुसरा आणला. तोही बिघडलेला. खरेदी विभागाला कडक मेल टाकला.

२९ एप्रिल
ज्युनिअर गार्गी म्हणते, चकचकीत टीन तापलं तरी वर उष्णता कमी फेकतं, म्हणून उपग्रहाला थंड वाटतं. हे तिला मीच शिकवलं होतं. मग तिने ते मला शिकवू नये.

२ मे
वॉर्डाची मीटिंग. कूलर, खाटा, पाणी असलेला उन्हाळी निवारा एकच उघडणार. टीनाच्या वस्तीला गरज नाही, असं मी नकाशासकट सांगितलं. कोणी न विचारता कवडू उठला. "साहेब, सॅटेलाइट वरून पाह्यते. माणसं खाली राह्यतात."
लोक हसले ते चालेल. पण वॉर्ड अधिकाऱ्यांनी त्याची वही झेरॉक्सला पाठवली! निर्णय सहा तारखेला. तोवर पुरावा देतोच.

५ मे, दुपारी १
वस्तीतल्या यमुताईंच्या घरात, टीनाखाली तासभर बसणार. त्या म्हणाल्या, या वक्ती आमी घरात नाही राहत भाऊ, निंबाखाली जातो. घाबरट लोक.

१.२०
सेहेचाळीस. हाही बिघडलाय.

१.३५
गरगरतंय. नाश्ता झाला नव्हता, त्यामुळे. मॉडेलचा संबंध नाही.

१.४०
हा कवडू काहून आला इथं

७ मे, हॉस्पिटल
निवारा टीनाच्या वस्तीतच मंजूर. पुरावा म्हणून कवडूची वही आणि माझा उष्माघाताचा केसपेपर. माझा! मला न विचारता! डॉक्टरांवर, गार्गीवर, सगळ्यांवर ओरडलो. त्या भरात सलाइनची सुई निघाली.
संध्याकाळी यमुताई पन्हं घेऊन आल्या. त्यांना मॉडेल समजावायला घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मागल्या मे महिन्यात माही सासू त्याच खोलीत गेली, भाऊ. तिले उचलाले कोणी नोहतं."
पन्हं प्यायलो. त्या गेल्यावर नकाशा मागवला आणि छत्तीस पेनाने खोडले.
फक्त त्या वस्तीपुरते.