माशाच्या काळजाचा पहिला ठोका

१ सप्टेंबर, रविवार

कन्यारत्न आज चर्चमध्ये उपासनेला आले! नऊ वर्षांनी! स्वतःहून! आईशेजारी बसून गीतही गायले — बेसूर, म्हणजे निःसंशय माझेच अपत्य.

सतराव्या वर्षी तिने घोषणा केली होती की विश्वाला निर्मात्याची आवश्यकता नाही, सबब रविवारी उशिरा उठण्यात येईल. तेव्हापासून अस्मादिकांनी कॉलेजात शिकवतो ते सगळे तत्त्वज्ञान जेवणाच्या टेबलावर ओतले. आदिकारण, सृष्टीचे परावलंबित्व, 'काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे' — काय काय ऐकवले! पालथ्या घड्यावर पाणी. आज घडा सुलटा!

प्रभो, उपकार झाले. किंचित श्रेय या सेवकासही, इतकेच नम्रपणे नमूद करतो.

३ सप्टेंबर, मंगळवार

श्रेय दुसऱ्याच्याच पदरात!

जेवताना सहज (म्हणजे दोन दिवस तालीम करून) विचारले, "माझा नेमका कोणता युक्तिवाद पटला गं?"

"कुठला युक्तिवाद?"

हातातला घास ताटात परत.

मग उलगडा. तिच्या प्रयोगशाळेतले वरिष्ठ — 'सर'. त्यांनी तिला भिंगाखाली माशाचा गर्भ दाखवला. काचेसारखा पारदर्शक, हृदय म्हणजे नुसती निश्चल नळी. आणि बघता बघता पहिला ठोका! "सर म्हणाले, बघ, कुणी सांगितलं याला? एवढंच."

"एवढंच?"

"हो बाबा. मग मला रडूच आलं."

एवढंच! मी नऊ वर्षे प्रमेयांचे इमले रचावेत, आणि या गृहस्थाने एक बोट दाखवावे! येथून पुढे त्यांचा उल्लेख 'मत्स्याचार्य' असा करण्यात येईल.

८ सप्टेंबर, रविवार

मत्स्याचार्य उपासनेला हजर. कन्येच्या शेजारी — माझ्या जागेवर! शर्टाची गुंडी चुकीच्या काजात. तरी सर्वांना आवडतात. पाळकसाहेबांनी त्यांना उभे केले: "आपल्या मंडळीत एक शास्त्रज्ञ आहेत!" मी वीस वर्षे याच मंडळीत तत्त्वज्ञ आहे. मला फक्त खुर्च्या लावायला उभे करतात.

परतताना सहधर्मचारिणी म्हणाली, "पोरगी परत आली, याचा आनंद नाही का हो झाला?"

"झाला. परंतु आदिकारणावर व्याख्याने देणाऱ्याला स्वगृही दुय्यम कारणही होता येऊ नये?"

"पोचली ना ती? कुणाच्या गाडीत बसून आली, याच्याशी काय करायचंय तुम्हाला?"

तात्त्विक प्रश्नांत मौन पाळण्याची तिला विनंती केली. तिने तीच मला केली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मत्सर. इथे या पानाखेरीज कोणी बघत नाही, म्हणून लिहितो — जळतो मी! लहानपणी "बाबा, देवाला कुणी केलं?" हे मला विचारायची. आज अर्धा तास फोनवर "सर, सर, सर". मला उद्देशून दिवसभरात एकच वाक्य: "बाबा, वायफाय बंद आहे."

१४ सप्टेंबर, शनिवार

मत्स्याचार्यांस चहाला पाचारण केले. मीच!

भला माणूस. डोळे मिटून सांगत होता, "तो पहिला ठोका कुठून येतो, आजवर कुणाला कळलेलं नाही. मला तिथे देवाचं बोट दिसतं."

मी परम मधुर स्वरात, "आणि उद्या कारण सापडलं, तर? देवाने बोट काढून घ्यायचं?"

ते हसले. मग हसणे थांबले. "नाही सापडणार, असं वाटतं."

"शोधतंय कोण?"

कन्या हळूच म्हणाली, "मी. बाबा, तेच तर माझं काम आहे."

"अरेरे! म्हणजे तुझा प्रबंध पुरा झाला की देव बेकार. या वयात दुसरी नोकरी तरी कुठे मिळायची!"

सहधर्मचारिणी हसली — आणि कन्येकडे बघून गप्प झाली. कन्या म्हणाली, "सर, उत्तर द्या ना."

ते कप फिरवत राहिले. "मी असा विचार केला नव्हता," म्हणाले.

काय विजय!

आता, हा केवळ पूर्वार्ध. उत्तरार्ध असा, की कारण सापडल्याने निर्माता हटत नाही. तो कारणांच्या रांगेतला पहिला इसम नव्हे, अवघी रांग ज्याच्यावर उभी आहे तो आधार. ठोक्याचे कारण कळले, तरी ठोका, मासा आणि बघणारी ही मुलगी मुळात असावीतच का, हा प्रश्न जागच्या जागी. वर्गात मी दरवर्षी शिकवतो हे. आज सांगायचे राहिले.

खरे लिही, गृहस्था! राहिले नाही. राखले. त्यांचा पडलेला चेहरा अजून थोडा बघायचा होता.

१५ सप्टेंबर, रविवार

मत्स्याचार्य अनुपस्थित! कन्या आली, पण मागच्या बाकावर. मी माझ्या जागेवर. खणखणीत गायलो.

१९ सप्टेंबर, गुरुवार

"सापडलं, बाबा."

कोणा एका पेशीचा हुकूम नाही म्हणे. सगळ्याच पेशींची कुजबुज वाढत जाते, आणि एकाएकी ठोका. किती सुंदर! पण सांगताना तिचा चेहरा परीक्षेत नापास झाल्यासारखा.

"सरांना सांगितलंस?"

"हो. छान म्हणाले. मग बाहेर जाऊन एकटेच उभे राहिले."

तत्काळ उत्तरार्ध सादर केला. संपूर्ण. दृष्टांतांसह. पाहुण्याचे बोलणे ऐकावे तशी आदराने ऐकत होती.

"छान आहे, बाबा. सर समोर बसले होते, तेव्हा का नाही बोललात?"



२२ सप्टेंबर, रविवार

बूट घालून तिच्या दाराशी हाक मारली. उठली नाही. आतूनच म्हणाली, "तुम्ही जा. चहाच्या दिवशी तुमचंच बरोबर होतं, बाबा."

बूट काढले. बायको एकटीच गेली.