निरोगी म्हणून माझंच रक्त

३ नोव्हें., सोम.
बर्फाच्या डब्यातून कुपी आली एकदाची. आत माणसाचं एंझाइम, बनवलंय मात्र जिवाणूंनी. जी-सिक्स-पीडी. तांबड्या पेशींचा राखणदार. तो कमी पडला की काही औषधांनी, अगदी डांबरगोळ्यांच्या वासानंसुद्धा पेशी फुटतात, तान्ह्या बाळांना जबर कावीळ होते. पीएच.डी.साठी कधीपासून हेच दळण दळतेय. कुपीवर नेहमीची तंबी: फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये.
तुलनेला निरोगी रक्त हवं. आमच्या लॅबची रीत अशी की जो हाताशी असेल त्याचं बोट टोचायचं. शेजारच्या टेबलावरच्या रुबिनानं हात मागं घेतला. "मेरेकू सुई देखके चक्कर आती, तू दे ना." दिलं. सातव्या महिन्यातली बाई, खाऊनपिऊन टुणटुणीत. माझ्यापेक्षा निरोगी कोण?

५ नोव्हें., बुध.
कुपीतलं एंझाइम सुसाट पळालं. माझ्या रक्तातलं निम्म्यावर अडलं. हात चुकला असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा निम्मं. मग रुबिनानं डोळे मिटून बोट पुढं केलं. तिचं बरोबर आलं. "मशीन का क्या भरोसा," म्हणाली, पण माझ्याकडं न बघता. मशीन बिघडलेलं निघावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले.

६ नोव्हें.
निम्मं असलेल्या बाईला सहसा काही होत नाही. तिच्या मुलाचं मात्र छापा की काटा: एक तर पुरतंच कमी, नाही तर एकदम ठीक. मुलगी असली तर फार तर माझ्यासारखी. किती सेमिनारांत हे पोपटासारखं बोललेय मी.
पाचोडला माहेरी, आईला फोन. माझ्या आधीचा भाऊ कशानं गेला, विचारलं. लहानपणी 'देवाघरी गेला' एवढंच कळलं होतं.
"कावीळ. बारसं बी झालं नव्हतं. हळदीवानी पिवळं झालतं लेकरू. आता कशाला उकरतीस गं? पोटुशी बाईनं असलं इचारू नाय."
सहज, म्हणाले. फोन ठेवला. भ्याले मी. फार भ्याले.

१६ नोव्हें., रवि.
डोहाळजेवण. झाकलेल्या दोन वाट्या पुढं आल्या. एकीत पेढा, म्हणजे मुलगा. दुसरीत बर्फी, म्हणजे मुलगी. साऱ्या बाया "पेढा, पेढा!" मी मनात बर्फी, बर्फी. झाकण काढलं, पेढा. सासूबाईंनी कडाकडा बोटं मोडली. मी रडले. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.
संध्याकाळी त्यांनी ट्रंक उघडली. माझ्या नवऱ्याची, प्रशांतची लहानपणची कुंची, झबली, आणि डांबरगोळ्यांचा भपका. न्हाणीत धावले, उलटी. "वास सोसना व्हय गं?" वास कसला. भीती.
सोनोग्राफीवाल्या बाईंना पेढा की बर्फी ठाऊक असणार. विचारायचं नाही, कायदा आहे. याच कायद्यावर कॉलेजात भाषण ठोकून मी बक्षीस आणलंय. तरी परवा त्यांच्यासमोर जीभ वळवळली.

२० नोव्हें.
पीएच.डी.च्या गाइड सरांना सांगितलं. "संशोधनाच्या साहित्यावर निदान करायचं नसतं. दवाखान्यात नीट तपासून घ्या." बरोबरच आहे. रक्त देऊन आले. जीव टांगणीला.

२७ नोव्हें.
दवाखान्याचाही रिपोर्ट तोच.
डॉक्टर म्हणाल्या, बाळंतपण इथंच करू, जन्मल्यावर बाळाचं रक्त तपासू, काविळीवर नजर ठेवू. डांबरगोळ्या घरातून हद्दपार करा. वेळेत लक्ष दिलं की ही मुलं छान वाढतात. मान हलवली. हे वाक्य माझ्याच प्रबंधात आहे. तिथं वाचताना धीर येतो, इथं...
प्रशांतला सांगितलं. बिडकीनच्या कंपनीत साहेबांशीही भांडणारा नवरा माझा, उठून आधी दार लोटून आला. मग म्हणाला, "आईला इतक्यात नको सांगू. तुझ्या माहेरावर घसरेल."

१० जाने., शनि.
इतके दिवस जीभ रेटली नाही. पण दिवस भरत आले, आणि बाळाला न्हाऊमाखू घालणार सासूबाई, ट्रंकेतले कपडेही त्याच चढवणार. प्रशांत ड्युटीवर गेल्यावर सांगून टाकलं. बोलणी खायच्या तयारीनंच बसले होते.
माहेराचं नावही निघालं नाही.
"म्हंजी पोरगा झाला तर भ्या?"
"होय. पोरगी असली तर फारसं नाही."
 मग त्या एकदम बारीक आवाजात, "म्या देवीला नवस बोललेय गं, नातू दे म्हणून. नवस मागं घेता येतो का?"
त्यांना असं भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं. काय सांगू? माहीत नाही, म्हणाले.
मघापासून कंबरेत कळा येताहेत. त्या देवघरात जाऊन बसल्यात. त्यांचं देवीशी बोलणं होईपर्यंत हाक मारायचा धीर होत नाहीये.